फटफटीच्या डाव्या कुशीतला आवाज

आमच्या फटफटीच्या डाव्या कुशीत खडखड सुरू झाली ती बासष्ट सालच्या उन्हाळ्यात. ह्यांनी ती लग्नाआधी नागपुरात घेतली होती. लष्कराने काढून टाकलेली, विलायती बांधणीची, रंग कुठे हिरवा तर कुठे काळा. भिलाईत तेव्हा घरं उभी राहिली होती, झाडं अजून गुडघ्याएवढीच होती. आमच्या क्वार्टरपासून बाजार लांब, दवाखाना लांब, स्टेशन तर फारच लांब, आणि मधे सगळा लाल मुरूम. ह्यांच्या मागे बसून मी त्या फटफटीवर अख्खी भिलाई वाढताना पाहिली. त्यामुळे तिच्या पोटात काही बिघडलं तेव्हा माझाही जीव ह्यांच्याइतकाच खालीवर झाला.

शेजारच्या दुर्ग गावातल्या एका मेकॅनिकने कान लावला न लावला आणि सांगून टाकलं, "साब, इंजन खोलना पड़ेगा." हे घरी आले ते चेहरा उतरवूनच. इंजिन एकदा खोललं की महिनाभर फटफटी परत येत नाही, असा तेव्हाचा अनुभव होता.

ह्यांच्या ड्रॉइंग ऑफिसात हिरालाल नावाचे गृहस्थ होते. त्यांचीही फटफटी होती. ते ह्यांना म्हणाले, "मरोदा के रस्ते पर तुम्हारे मुलुक का एक आदमी बैठता है. उसको दिखा लो. तुम्हारी ठीक हुई, तो मेरी भी वहीं जाएगी."

तुमच्या मुलखाचा, एवढ्या एका शब्दावर आम्ही रविवारी सकाळी निघालो.

बांबूवर गवत टाकलेली एक पडवी, तिच्यामागे एका खोलीचं घर. पडवीच्या तोंडाशी जमिनीवर छपराच्या पत्र्याचा एक तुकडा अंथरलेला. आत एक उंच, हाडापेराने मजबूत माणूस सायकलचं चाक मांडीवर घेऊन पाठमोरा बसला होता. हे "अहो मिस्त्री" म्हणाले. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. तरी नाही. मग ह्यांनी पत्र्यावर पाय दिला आणि तो धडामकन वाजला, तसा तो माणूस वळला आणि तोंडभर हसला.

"या, या! बसा. वच्छले, पानी आन वं!"

हे पुंडलिक खोब्रागडे. एक भुवई अर्धी जळालेली, मनगटं माझ्या दंडाएवढी, आणि आवाज असा, की समोरच्या माणसाशी नव्हे, दोन मजले वर परांचीवर उभ्या असलेल्या कुणाशी बोलतायत. आम्ही नागपूरचे म्हटल्यावर त्यांना काय आनंद झाला! त्यांचं गाव तुमसरच्या पलीकडे. तरुणपणी नागपुरात एका ठेकेदाराकडे बॉयलरचे रिव्हेट ठोकायला लागले. छप्पन साली दोघा नवरा-बायकोंनी नागपुरात दीक्षा घेतली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रिव्हेटवाल्यांच्या टोळीबरोबर ते भिलाईला आले. कारखान्याच्या शेडींचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते तेव्हा लालभडक रिव्हेट चिमट्याने झेलून ठोकायचं काम त्यांनी केलं. ती अर्धी भुवई त्यातच गेली. काम संपलं, टोळी पुढच्या मुक्कामाला गेली. पुंडलिकभाऊ मात्र मागे राहिले.

"कावून राहिलो इचारा," म्हणजे का राहिलो ते विचारा, असं म्हणत त्यांनी खोलीकडे बोट केलं. दारात दोन वेण्यांची एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. "आमची शालू. चौथी झाली. गावात शाळा चौथीपर्यंतच हाये. इथं पुढची हाये."

पाणी घेऊन आलेल्या वच्छलाबाईंनी लगेच बाकीचं सांगून टाकलं. बारीक चणीची, ताठ बाई. बोलणं आडकित्त्यासारखं.

"हाये, पन दुकान चाललं पायजे ना जी! मोठे भासरे, याईचे भाऊ, बोलावून राह्यले गावाले. जुलैत शाळा उघडते. तवर चार गिऱ्हाईक बांधले त राहू, नाही त पोट्टी जाते म्हशीमागं."

"म्हशी त आपल्याकडं हायेच नाही," पुंडलिकभाऊ म्हणाले.

"भासऱ्याच्या हायेत ना!"

हे हसले आणि म्हणाले, "ही नीट करून द्या. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या फटफट्या इथे आणतो." ते उगीच बोलायचं म्हणून बोलले नव्हते. वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिथेही ते तसं कुणी घेतलं नव्हतं.

पुंडलिकभाऊंनी फटफटीला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारला, आणि तो ह्यांना न विचारता मला विचारला.

"वैनी, मागं तुमी बसता. कशावानी वाजते?"

मी जरा विचार केला. "रोवळीत हरभरे घोळावेत तसं. फटफटी उभी असली की जास्त. वेग घेतला की हरभरे थांबतात. हँडलची मूठ सैल सोडली की परत."

"वा!" ते खूश झाले. "बाकीचे लोक येतात, म्हणतात इंजन गेलं. कोनी हरभरे सांगत नाही."

मग त्यांनी जे केलं ते मी पदर खोचून, जवळ उभं राहून बघितलं. बघू दिलं त्यांनी, हेच मला विशेष वाटलं. तोवर मला वाटायचं फटफटीला एकच साखळी असते, मागच्या चाकाची, साडी अडकते ती. त्यांनी सांगितलं, दोन असतात. दुसरी आत, डाव्या बाजूच्या बंद पेटीत, तेलात फिरते. इंजिनाचा जोर ती क्लचपर्यंत नेते, तिथून पुढे गिअर, मग बाहेरची साखळी, मग चाक.

त्यांनी फटफटी स्टँडवर घेऊन चालू केली. "चाक फिरते का? नाही. मंग बाहेरची चेन नाही वाजून राह्यली." क्लच दाबला. "फरक पडला का जी?" ह्यांनी मान हलवली, नाही. "मंग गिअरबॉक्सबी नाही. क्लचच्या अलीकडचंच काही." मग लांब पेचकस घेतला, त्याचं टोक डाव्या पेटीवर टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरली. डोळे मिटले. इंजिनच्या बाजूला टेकवून बघितलं, पुन्हा पेटीवर आले.

"इंजन ठनठनीत हाये. आतली चेन ढिली झाली. पेटीले आपटून राह्यली."

हे इतके सुखावले की त्यांनी तिथल्या तिथे पुंडलिकभाऊंच्या पाठीवर थाप मारली.

पेटीला बोट जाईल एवढं एक झाकण होतं. ते काढून त्यांनी साखळी दाबून दाखवली, ती जुन्या बाजेच्या नवारीसारखी खाली गेली. मग गिअरबॉक्सचे बोल्ट सैल करून तो मागे सरकवला, साखळी ताणली. त्यांचा हात बघण्यासारखा होता. आवळताना ते स्वतःशीच म्हणत होते, "ढिलं नाही पायजे. ढिलं म्हंजे मेलं." रिव्हेटवाल्यांची म्हण असावी. बाहेरची साखळीही त्यांनी नव्याने बसवली, कारण गिअरबॉक्स हलला की तिचाही ताण बदलतो. फटफटी चालू झाली आणि हरभरे बंद. एकदम बंद.

घरी परतताना हे गाणं गुणगुणत होते. मी मागे बसले होते, आणि सेक्टरच्या वळणापाशी आलो तोच मला ती शीळ ऐकू आली. अगदी बारीक. दूर कुठे चरकात सुकलेला ऊस घालावा तशी. वेग वाढला की चढायची.

"काहीतरी वाजतंय," मी म्हणाले.

"वारा असेल."

फाटकाशी फटफटी उभी केली, तरी शीळ होतीच. आता ह्यांनाही ऐकू आली. "आवळलीय ना, बसेल दोन दिवसांत," हे म्हणाले. पण ती बसली नाही. उलट डावी पेटी जास्तच तापायला लागली.

आणि माझ्या मनात दुसरंच काही बसत होतं. फटफटी चालू करून बघितल्यावर पुंडलिकभाऊंनी स्वतः पेचकस दातांत धरून पुन्हा ऐकलं होतं आणि समाधानाने मान हलवली होती. मी तिथेच उभी होते. शीळ तेव्हाही असणार, हरभरे थांबल्याच्या आनंदात ती आम्हीच ऐकली नाही. पण त्यांनी तर लक्ष देऊन ऐकलं होतं. मग मला आठवलं, आम्ही निघताना एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या अगदी मागून गेला, ते हलले नव्हते. त्यामागून ट्रक आला, तेव्हा मात्र लगेच बाजूला झाले. आणि बोलताना ते डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघायचे. मला आधी ते जरा खटकलंच होतं.

आता सांगायचं कसं? हिरालाल येत्या सोमवारी फटफटी घेऊन जाणार होते. आम्ही गप्प बसलो असतो तर आमच्या फटफटीचं बेअरिंग गेलं असतं, आणि उद्या हिरालालांचीही तशीच शिट्टी वाजत आली असती. मग दुकान राहिलं असतं का? आणि बोललो असतो, तर ज्या मिस्त्रीला ऐकू येत नाही त्याच्याकडे आवाज दाखवायला कोण जातं? ह्यांनी मोकळेपणी सांगितलं, "मला नाही जमायचं. तू बोल. तुला त्यांनी हरभरे विचारले होते."

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही गेलो. मी आधी मागे वच्छलाबाईंकडे गेले. त्या बासीला कांदा चिरत होत्या. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खायचं इकडचं ते जेवण त्यांच्या घरात आता रुळलं होतं. मी दोनतीन वाक्यं इकडची तिकडची बोलले. त्यांनी विळी बाजूला सारली.

"बाई, सरळ सांगा. फटफटी वाजून राह्यली ना? तुमी रस्त्यावरून आल्या तवाच मी आयकलं."

"आणि त्यांना..."

"त्याईले बारीक आवाज येतच नाही. दोन वर्स झाले. आदी चिमण्या गेल्या, मंग सायकलीची घंटी गेली, मंग शालू गेली. पोट्टी हळू बोलते ना. मोठे आवाज येतात, ढोलावानी. म्हनून त हा पत्रा टाकला मी. कोनी आलं की पायाले कळते. त्याईले सांगतलं धूळ खाली बसाव म्हनून टाकला."

"त्यांना माहीत नाही?"

"माहीत असंल. मले माहीत हाये हे त्याईले माहीत नाही." त्या कांद्याने पाणावलेले डोळे पुसत म्हणाल्या, "कारखान्याची भरती निघाली तवा फारमच नाही भरला. म्हने, नोकरी आपल्याले नाही मानवत. म्या नाही इचारलं. कान तपासतात ना तिथं."

मग त्या उठल्या. "चला. तुमी सांगा. मी हाये तिथं."

बाहेर ह्यांनी फटफटी चालू करून ठेवली होती. पुंडलिकभाऊ पेटीवर हात ठेवून खुशीत होते. "हरभरे गेले ना वैनी?"

"गेले," मी म्हणाले. "पण दुसरं आलंय."

"काय आलं?"

कशासारखं, ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. चरकाची शीळ त्यांच्यासाठी कधीच थांबली होती. म्हणून मी तर्जनी पुढे धरली आणि शीळ चढली की बोट वर, उतरली की खाली, असं करायला लागले. ती एकसारखी नव्हतीच. चढायची, उतरायची, भराभर. माझं बोट शिवणयंत्राच्या सुईसारखं हलत होतं. ह्यांना हसू आलं असणार. पण पुंडलिकभाऊ हसले नाहीत. ते बोटाकडे बघत राहिले.

मग त्यांनी वच्छलाबाईंकडे बघितलं. त्यांचंही बोट वर आलं होतं, आणि माझ्याच बरोबरीने हलत होतं.

"सगळ्यांईले येते आयकू?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"तुलेबी, वच्छले?"

"मलेबी."

त्यांनी फटफटी बंद केली. रस्त्यावर कुणी नव्हतं. ते तिथेच उकिडवे बसले, हातातला पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता उद्या सामान बांधणार, आणि ते माझ्या एका बोटामुळे.

वच्छलाबाई मात्र कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "अजी, लगन झालं तवापासून माहं काय आयकून राह्यले होते तुमी? तवा त कान चांगले होते!"

पुंडलिकभाऊंनी मान वर केली. आधी ओठाचा एक कोपरा हलला, मग खांदे हलायला लागले. "हे मात्र बरोबर हाये बावा," ते ह्यांना म्हणाले, आणि ते दोघं पुरुष असे काही हसले की शालू पुस्तक टाकून बाहेर आली.

हसून झाल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला आणि मला म्हणाले, "वैनी, ते बोट पुन्यांदा दाखवा. वर-खाली व्हते? एका ठिकानी थांबत नाही?"

"नाही."

"पूरी चेन कडक राहिली असती त एकच सूर लागला असता. हे येऊन-जाऊन राह्यलं." ते स्वतःशीच बोलत होते. "म्हंजे एका जागी कडक, एका जागी ढिली. म्या ढिल्या जागी पाहून आवळली. रिव्हेट केला तिचा!" आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोटांनी टिचकी मारली.

प्लग काढला, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरावं. ह्यांना किक हळूहळू दाबायला लावली. झाकणातून बोट घालून साखळी दाबत गेले. "दाबा... दाबा... थांबा. वैनी, या. बोट घाला."

मी घातलं. साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. ह्यांनी आणखी थोडी किक दाबली आणि तीच साखळी मऊ झाली. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून ती जिथे सगळ्यात कडक आहे तिथे बघून ताण ठरवायचा, आणि त्या जागीही थोडी ढील ठेवायची. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. "पयले म्या एकाच जागी पाहो," ते म्हणाले, "जास्त कसलं त कान सांगे. आता कान नाही सांगत त बोटानंच सगळं पाहाव लागंल." आणि गिअरबॉक्स केसभर पुढे घेतला.

फटफटी पुन्हा चालू केली तेव्हा त्यांनी दातांत पेचकस धरला नाही. आमच्या दोघींच्या बोटांकडे बघितलं. बोटं स्थिर होती.

"कधी कधी एखादा हरभरा वाजतो," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"वाजू द्या. चेन म्हातारी झाली. एखादा वाजनच."

सोमवारी हिरालाल गेले. काय झालं ते त्यांनीच ह्यांना ऑफिसात सांगितलं. पुंडलिकभाऊंनी फटफटीला हात लावण्याआधीच म्हटलं होतं, "साब, मेरे को बारीक आवाज नहीं आती. मेरी बाई सुनेगी, मैं बनाऊँगा. चलता है तो बोलो." हिरालाल गोंधळले. तेवढ्यात वच्छलाबाई बाकड्यावर येऊन बसल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "हाथ उनके, कान मेरे. मिस्त्री एकच समझो." हिरालाल हसले आणि चावी दिली. ऑफिसातल्या आणखी दोघांनी मात्र चावी दिली नाही, ते दुर्गालाच गेले. त्यातला एक दिवाळीच्या सुमारास परत आला.

पुढे ही पद्धतच पडली. फटफटी आली की वच्छलाबाई बाकड्यावर बसायच्या, गिऱ्हाईक लाजत लाजत आवाजाचं वर्णन करायचं, आणि त्या "थांबा, मीच आयकते" म्हणून बोट वर करायच्या. पुंडलिकभाऊ त्यांच्या बोटाकडे बघून पाना उचलायचे. त्यांचा आवाजही जरा खाली आला. आता ओरडायची गरज नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं ना.

मी त्या रविवारबद्दल नेहमी कृतज्ञ राहिले. माणसाला त्याच्या शरीरातून काय निघून गेलं ते सांगणं हे घरच्यांनाही जमत नाही. मी तर परकी, आणि त्यांच्या कामाची तक्रार घेऊन गेलेली. त्यांनी ठरवलं असतं तर मला एका वाक्यात पडवीबाहेर काढता आलं असतं. तसं न करता त्यांनी माझं बोट पुन्हा मागून घेतलं. त्या एका मागण्याने माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं, ते मी त्यांना कधी नीट सांगू शकले नाही.

एकदा प्रयत्न केला. जूनच्या शेवटी ते तिघं आमच्या क्वार्टरवर आले होते. वच्छलाबाईंनी कुरडया आणल्या होत्या. मी म्हणाले, "पुंडलिकभाऊ, मी तेव्हा सगळ्यांसमोर तसं..."

त्यांनी हातानेच थांबवलं. "वैनी, मले काय वाटे सांगू? मले वाटे, दुनियाच हळू बोलून राह्यली. बायको हळू, पोट्टी हळू, चिमन्या हळू. मले वाटे, माह्यावर नाराज हायेत का काय सगळे. तुमी सांगतलं तवा समजलं, कोनी नाराज नाही."

वच्छलाबाई चहाच्या बशीत बघत राहिल्या.

जुलैत शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. पुंडलिकभाऊ शालूला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन चालले होते. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. ती काहीतरी सांगत होती. त्यांनी सायकल थांबवली, खाली उतरले, तिच्या समोर आले आणि तिच्या तोंडाकडे बघून सगळं ऐकून घेतलं. मग दोघं पुढे गेले, शाळेकडे.